दुसऱ्या ठोक्याला वाजणारी कॅप: काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरला नीट बसणारी कॅप कशी ओळखावी

गेली अकरा वर्षं इथे ओहायोत मी कॅप-अँड-बॉल, म्हणजे काडतुसाऐवजी सुटी दारू, गोळी आणि कॅप लागणारी, रिव्हॉल्व्हर चालवतोय. एक कोल्ट १८५१ नेव्हीची प्रतिकृती, .३६ ची. दुसरी रेमिंग्टन न्यू मॉडेल आर्मीची, .४४ ची. दोन्ही इटलीत बनलेल्या. क्लबात नवीन येणाऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरवर, आणि त्याआधी माझ्या स्वतःच्या, मी एकच दुखणं पुन्हा पुन्हा बरं केलं आहे: कॅप आणि निपल यांचं जुळत नाही. आमच्या मराठी मंडळातल्या एका मुलानं मागच्या उन्हाळ्यात विचारलं, "काका, स्प्रिंग गेली वाटतं, नवीन मागवू का?" स्प्रिंग ठणठणीत होती. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय.

कोकणात ठासणीच्या बंदुकीवर बसवतात ती केप म्हणजेच ही कॅप. तांब्या-पितळेची मसुराच्या दाण्याहून जराशी मोठी टोपी, आत तळाला स्फोटक मिश्रणाचा पातळ थर. निपल म्हणजे चेंबरच्या (सिलिंडरमधल्या दारू-गोळीच्या कप्प्याच्या) मागे स्क्रूसारखं बसणारं भोक असलेलं टोक, ज्यावर ही टोपी चढते. घोडा टोपीवर आपटतो, मिश्रण घोडा आणि निपल यांच्यामध्ये चिरडलं जातं आणि ठिणगी निपलच्या भोकातून दारूपर्यंत जाते. 'चिरडलं जातं' हे शब्द लक्षात ठेवा. टोपीचा तळ निपलच्या माथ्याला टेकलेला नसेल तर चिरडायला खाली काही नसतंच.

लक्षणं

पहिल्या ठोक्याला नुसतं 'टक्', दुसऱ्याला बार. सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण हेच. कॅप अर्धवट चढलेली होती. पहिल्या ठोक्याचा जोर तिला खाली ढकलण्यात खर्च झाला आणि दुसऱ्या वेळी तिला खाली पोलादाचा आधार मिळाला. लोक याच लक्षणावर सगळ्यात आधी स्प्रिंग बदलतात.

एक बार झाला की शेजारच्या चेंबरची कॅप गळून पडते. कधी सिलिंडर फिरवतानाच पडते, जमिनीवर बारीक 'टिंग' असा आवाज येतो. कॅप सैल आहे.

पहिला बार होण्याआधीच सिलिंडर जड फिरतो किंवा अडतो. एखादी कॅप उंच राहिली आहे आणि मागच्या ढालीला (सिलिंडरमागच्या फ्रेमच्या भिंतीला) घासते आहे. याला किरकोळ समजू नका. घासून ती कॅप पेटली तर जो चेंबर उडेल तो नळीसमोर नसेल.

दोन-तीन बार झाल्यावर सिलिंडर अडतो. हे वेगळं दुखणं. फुटलेल्या कॅपचा तुकडा घोड्याच्या खाचेत किंवा सिलिंडरच्या मागे शिरला आहे. कोल्टच्या उघड्या फ्रेममध्ये हे जास्त होतं. रेमिंग्टनमध्येही होतं, पण कमी.

बार झाल्यावर घोडा आपोआप अर्धा मागे येतो आणि कॅपची पार चिंधी होते. निपलचं भोक झिजून मोठं झालं आहे, त्यामुळे वायू मागे येतो.

कॅप खणखणीत वाजते, दारू पेटत नाही. हा सहसा कॅपच्या मापाचा प्रश्न नसतो. निपलमध्ये तेल राहिलं आहे, भोक बुजलं आहे, किंवा काळ्या दारूऐवजी पायरोडेक्ससारखा पर्याय वापरताय. हे पर्याय पेटायला जास्त उष्णता मागतात, त्यांना जास्त जोराची मॅग्नम कॅप लागू शकते. हे लक्षण असेल तर दुसरी तपासणी वाचा, बाकीच्या सोडा.

हात लावण्याआधी

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी लक्ष्याच्या दिशेनं तशीच धरून किमान एक पूर्ण मिनिट थांबा. घड्याळाकडे बघून थांबा, मनात मोजू नका. काळी दारू कधी कधी उशिरा पेटते. तेवढ्या वेळात घोडा चढवून कॅप बघायचा मोह होतोच.

चष्मा हवाच, नुसती कॅप वाजवतानाही. कॅपचे तुकडे बाजूला उडतात आणि धारदार असतात. भरताना कॅप नेहमी सगळ्यात शेवटी: दारू, गोळी, ग्रीस हे सगळं झाल्यावर, रेंजवर, नळी लक्ष्याकडे असताना. चढवलेली जिवंत कॅप पकडीनं किंवा स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटायची नाही. ती काढायचा रस्ता एकच, रिकाम्या चेंबरवर वाजवून टाकणं.

खालच्या सगळ्या तपासण्या, जिथे वेगळं म्हटलेलं नाही तिथे, सहाही चेंबर रिकामे असताना करायच्या.

१. डबा वाचा

फुकट तपासणी, आणि अर्धे लोक इथेच सुटतात. कॅपच्या डब्यावर १०, ११ असे नंबर असतात. रायफलच्या मस्केट कॅप याहून बऱ्याच मोठ्या, त्यांचा इथे संबंध नाही. चपलेचा नंबर जसा एका कंपनीचा दुसरीला जुळत नाही, तसंच इथे आहे. रेमिंग्टनची १० नंबरची कॅप सीसीआयच्या १० पेक्षा उंच, तिची कड निपलवर जास्त खाली उतरते. जर्मन आरडब्ल्यूएसच्या कॅपवर तर १०७५ असा निराळाच आकडा असतो. म्हणून "मी १० वापरतो" हे अर्धं उत्तर. कुणी सल्ला दिला तर नंबरबरोबर कंपनीही विचारा, आणि त्याच्या रिव्हॉल्व्हरचे निपल मूळचे आहेत की बदललेले तेही विचारा.

साधारण अनुभव असा (पिएट्टा आणि उबर्टी या प्रतिकृती बनवणाऱ्या इटालियन कंपन्या): पिएट्टाच्या मूळ निपलवर १० नंबरची कॅप बसते, उबर्टीच्या बऱ्याच मॉडेलवर सीसीआयची ११ चालते, आणि रेमिंग्टनची १० दोन्हीकडे बऱ्यापैकी जमते. रुगर ओल्ड आर्मी, जी १९७२ ते २००८ या काळात बनली, तिला १० नंबर. सुरुवात इथून करा. पण तुमचे निपल काय म्हणतात ते तुम्हालाच तपासावं लागेल.

२. निपल धुवा आणि वाजवून बघा

काळ्या दारूत ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू न होता धूर, राख आणि काजळी होतो. ही काजळी निपलच्या बाहेरच्या बाजूवरही चढते. डोळ्याला दिसत नाही, पण सकाळी सुरेख बसणारी कॅप दुपारी चौथ्या फेरीला वर राहते ती याच थरामुळे. त्यात ही राख हवेतलं पाणी ओढते. आठवडाभर तशीच ठेवली तर खाली गंज धरतो आणि निपल खडबडीत होतो.

गरम पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश. निपलच्या भोकातून बारीक तार घाला. पूर्ण सुकवा, मग अगदी पुसटसं तेल लावा. इथे एक चूक सर्रास होते: तेल जास्त लागतं, भोकात उतरतं, आणि पुढच्या वेळी पहिली कॅप वाजून दारू ओली. म्हणून रेंजवर पोचलो की दारू भरण्याआधी मी सहाही निपलवर एकेक कॅप वाजवतो. नळीचं तोंड जमिनीवरच्या गवताच्या एका पात्याजवळ, वीतभर अंतरावर धरतो. कॅप वाजली की पातं झटका देऊन वाकलं पाहिजे. वाकलं तर भोक मोकळं. पातं हललंच नाही तर त्या निपलमध्ये काहीतरी अडकलं आहे, तो चेंबर भरायचा नाही. सहा कॅप खर्च होतात, पण सामन्याच्या मध्यावर मिनिटभर नळी धरून उभं राहायची पाळी येत नाही.

३. कॅप तळाला टेकते का? बारा कॅपची चाचणी

बाकीचं सगळं वाचून विसरलात तरी चालेल, ही तपासणी विसरू नका.

सिलिंडर काढा. चेंबर रिकामे, निपल स्वच्छ. सहा कॅप हातानं हळूच ठेवा, दाबू नका. आता सिलिंडर डोळ्याच्या पातळीवर आडवा धरून खिडकीच्या उजेडात फिरवा. सहाही टोप्यांचे माथे एका रेषेत आहेत? एखादी काडेपेटीच्या काडीएवढी वर दिसते? मग सिलिंडर उलटा करा, कॅप खाली तोंड करून, आणि हलकेच हलवा. पडणारी कॅप सैल. आता लाकडी काडीनं प्रत्येक कॅप दाबा. खाली गेल्याचं बोटाला जाणवलं तर ती आधी पूर्ण बसलेली नव्हती. मुळीच हलली नाही आणि माथे एका रेषेत असतील तर उत्तम. दाबूनही वर राहिली, किंवा दाबताना कड चिरली, तर ती या निपलसाठी लहान आहे.

नजरेनं कळलं त्यावर विश्वास ठेवू नका, वाजवून खात्री करा. ही चाचणी फक्त रेंजवर. सिलिंडर परत बसवा, आधीच्या सहा वाजवून टाका, मग सहा नव्या कॅप नुसत्या ठेवून वाजवा आणि पहिल्या ठोक्याला किती वाजल्या ते लिहा. मग आणखी सहा, यावेळी प्रत्येक काडीनं घट्ट दाबून. आकडे असे वाचायचे:

न दाबता तीन, दाबून सहा: कॅपचं माप ठीक आहे, फक्त तुम्ही नीट बसवत नाही. चौथ्या तपासणीवर थांबलात तरी काम झालं.

न दाबता दोन, दाबूनही चार: कॅप घट्ट आहे, किंवा ठोका कमजोर. पाचवी आणि सहावी तपासणी करा.

दोन्ही वेळा सहा, पण उलटं केल्यावर एखादी पडते: कॅप सैल. पाचवी तपासणी.

मंडळातल्या त्या मुलाचे आकडे होते एक आणि सहा. नवीन स्प्रिंग मागवायची गरजच उरली नाही.

चुकलेली कॅपही बोलते. मिनिटभर थांबल्यावर तिचा माथा शेजारणीशी ताडून बघा. ती शेजारणीपेक्षा खाली गेली असेल आणि खड्डा उथळ असेल तर पहिल्या ठोक्यानं तिला फक्त बसवलं. खड्डा खोल, माथा खाली, तरी वाजली नाही, तर कॅप ओलसर किंवा खराब. डबा कोरड्या जागी ठेवा, आणि कॅप खिशात सुट्या ठेवू नका.

४. दाबायची सवय

कॅप चढवायचं पितळी यंत्र, कॅपर, टोपी निपलवर ठेवतं, पण तळापर्यंत दाबत नाही. नवीन माणसाचा हमखास गैरसमज इथेच होतो. करंगळीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची लाकडी काडी करून घ्या, एक टोक सपाट तासा. प्रत्येक कॅपवर ते टोक ठेवून एकदा सरळ, दमानं दाबा. ठोकायचं नाही. धातूची वस्तू वापरायची नाही. अंगठ्यानं दाबू नका, कारण कॅप पेटली तर अंगठा तिच्या तोंडावर असेल. आणि दाबताना चेंबर भरलेले असतात, म्हणून नळी लक्ष्याकडेच.

याच टप्प्यावर सैल कॅप बोटांनी चिमटून लंबगोल करायची आणि मग चढवायची, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. बरेच जुने जाणते असं करतात. मी करत नाही आणि कुणाला करू देत नाही. चिमटलेली कॅप दोन बाजूंना पकडते आणि दोन बाजूंना फट सोडते. एक बार झाला की शेजारची आग त्या फटीपर्यंत पोचू शकते, आणि तिच्या पुढे भरलेला चेंबर आहे. एका चापात दोन-तीन चेंबर उडणं, म्हणजे चेनफायर, पुढून सैल गोळीमुळे जास्त होतो की मागून कॅपमुळे, यावर या छंदातल्या लोकांचे वाद कधी मिटले नाहीत. माझ्या दृष्टीनं दोन्ही दारं बंद ठेवावीत: गोळी इतकी घट्ट की बसताना शिशाची पूर्ण गोल कडी कापली जाईल, आणि कॅप इतकी नेमकी की चिमटायची वेळच येऊ नये. शिवाय चिमटताना तुम्ही एक स्फोटक दोन बोटांमध्ये चिरडत असता, हेही विसरू नका.

५. दुसऱ्या मापाचा एक डबा घ्या

निपल बदलण्याआधी हे करा, कारण शंभर कॅपचा एक डबा सहा चांगल्या निपलपेक्षा बराच स्वस्त पडतो. घट्ट असेल तर एक माप वर किंवा तोच नंबर दुसऱ्या कंपनीचा, सैल असेल तर उलट. घरपोच मागवलं तर धोकादायक मालाचा वेगळा आकार लागतो, एका डब्यासाठी तो परवडत नाही. जवळच्या दुकानात बघा, किंवा क्लबात कुणाकडून प्रत्येक जातीच्या बारा-बारा कॅप मागून घ्या. ही माणसं मनानं मोठी असतात, मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी ठासणीच्या बंदुकांचे राष्ट्रीय सामने भरतात. तिथल्या तंबूंच्या बाजारात एका दुपारी चार जातींच्या कॅप हातात घेऊन बघता येतात.

विमानानं जाणार असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: काळी दारू आणि कॅप प्रवासी विमानात चालत नाहीत, हातातल्या पिशवीत नाही आणि चेक-इन सामानातही नाही. रिव्हॉल्व्हर नियमानं नेता येईल, कॅप तिथेच घ्यायच्या. आणि भारतात नेण्याचा विचारही नको. तिथे ठासणीची बंदूक, दारू आणि केप हे सगळं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतं. अमेरिकेत केंद्रीय कायदा अशा प्रतिकृतींना बराच सैल असला, तरी राज्यागणिक नियम वेगळे आहेत, आपल्या राज्याचा वाचून घ्या.

नवीन डब्याची बारा कॅपची चाचणी पुन्हा करा. दोन्ही आकडे सहा आणि उलटं केल्यावर एकही पडली नाही, तर शोध संपला. दुखणं नेमकं मापाचं असेल तर इथेच संपतं.

६. ठोका

कॅप तळाला टेकते तरी पहिला ठोका चुकतो? मग ठोक्याकडे या, आधी नाही.

रेमिंग्टनमध्ये मुठीच्या पुढच्या पट्टीत खाली एक लहान स्क्रू असतो, मुख्य स्प्रिंगला ताण देणारा. तो बारांच्या हादऱ्यानं हळूहळू बाहेर येतो. घट्ट करा, पुन्हा चाचणी करा. फुकटचा उपाय आहे आणि बऱ्याचदा लागू पडतो. काहीजण घोडा हलका चढावा म्हणून हा स्क्रू मुद्दाम सैल करतात. सेकंडहँड घेतली असेल तर हे आधी बघा.

कोल्टमध्ये स्प्रिंग मुठीच्या तळाशी एका स्क्रूनं धरलेली असते, तो घट्ट आहे ना पाहा. मग घोड्याची खाच: तिथे एखादा जुना कॅपचा तुकडा चेपून बसला असेल तर घोडा पूर्ण खाली येत नाही. टॉर्च मारून बघा.

आता कागदाची चाचणी. कॅप नाही, चेंबर रिकामे. छापायच्या साध्या कागदाची अरुंद पट्टी निपलवर ठेवा, घोडा अंगठ्यानं धरून सावकाश खाली आणा. पट्टी ओढल्यावर अलगद सुटली पाहिजे. घट्ट धरली गेली तर घोडा निपलवर आपटतो आहे, आणि कॅपशिवाय चाप ओढत राहिलात तर निपलचा माथा छत्रीसारखा पसरतो. त्या पसरलेल्या माथ्यावर मग योग्य मापाचीही कॅप चढत नाही. विकत घेतल्यावर घरी बसून कॅपशिवाय टकटक करणाऱ्यांचे निपल मी असेच बघितले आहेत. भिंगाखाली कडेला बारीक पापुद्रा दिसतो.

उलट, पट्टीला घोडा स्पर्शच करत नाही आणि पट्टीच्या तीन-चार घड्या घातल्यावर कुठे पकडतो, तर अंतर जास्त आहे. निपल आखूड आहेत, किंवा सिलिंडर पुढे-मागे हलतो आहे. सिलिंडर हलत असेल तर ते घरचं काम नाही.

७. निपल बदला

कॅलिपरनं सहाही निपलच्या माथ्याचा व्यास मोजा, मग थोडं खाली पुन्हा. सहांचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. पाच सारखे आणि एक जाड असेल तर नेमका तोच चेंबर नेहमी चुकत असेल. चेंबरवर मार्करनं खूण करून हे आधीच ताडून बघता येतं. दुखणं सिलिंडरबरोबर फिरतं की घोड्यापाशीच राहतं, हे कळायला यापेक्षा सोपी युक्ती नाही.

बदलायचे तर सहाही बदला. एकेक बदललात तर दोन जातींचे निपल आणि दोन मापांच्या कॅप सांभाळत बसाल. घेताना आटे नीट बघा. पिएट्टाचे निपल साधारणपणे ६ मिलिमीटर व्यासाचे, ०.७५ पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर), रुगर ओल्ड आर्मीचे १२-२८ मापाच्या आट्यांचे, उबर्टीत मॉडेल आणि काळ यांप्रमाणे फरक असतो, म्हणून जुना निपल हातात धरून ताडल्याशिवाय मागवू नका. बळजबरीनं घातलेला चुकीचा आटा सिलिंडर कायमचा बिघडवतो. ट्रेसो जातीचे पितळी-ब्रॉंझ निपल किंवा स्लिक्स-शॉटचे स्टीलचे निपल लोक जास्त घेतात. ट्रेसोचं भोक बारीक, पाऊण मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे वायू मागे कमी येतो, कॅप कमी फुटते आणि घोडा मागे उडत नाही. वर सांगितलेलं पाचवं लक्षण असेल तर तुमच्यासाठी उपाय हाच.

पाना निपलला पक्का बसणारा घ्या. सैल पाना निपलची कड गोल करतो, मग तो निघत नाही. बसवताना आट्यांना जरासं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा. घट्ट हातानं आवळा, अंगाचा भार घालू नका. शेवटी कागदाची चाचणी पुन्हा, कारण नवीन निपल जुन्यापेक्षा लांब असू शकतो.

निपल जाड म्हणून ड्रिलमध्ये धरून बारीक दगडानं घासायचा उपाय आहे. मी केलाय, आणि दोन निपल वायाही घालवलेत. घासलेलं पोलाद परत येत नाही. करायचाच तर एका निपलवर, चार-चार सेकंद, आणि दर वेळी कॅप घालून बघत.

८. कोल्ट आणि तुकडे

नेमकी बसणारी कॅप कमी फुटते, पण कोल्टमध्ये तुकड्यांचा प्रश्न पूर्ण संपत नाही. त्याची रचनाच तशी आहे. फुटलेली टोपी घोड्याच्या तोंडाला चिकटून मागे येते आणि उघड्या खाचेत पडते. उपाय मुख्यतः सवयीचा: बार झाल्यावर नळी वर करून घोडा चढवायचा, म्हणजे तुकडे खाचेत न पडता खाली गळतात. हे सगळ्या रेंजवर चालत नाही, रेंज अधिकाऱ्याला आधी विचारा. नाही म्हणाले तर रिव्हॉल्व्हर उजवीकडे कलती करून चढवा. घोड्याचं तोंड बारीक कागदानं चकचकीत केलं तर टोपी कमी चिकटते. याउपर अडत असेल तर फ्रेममध्ये आडवी खुंटी बसवून घेतात, पण ते गनस्मिथचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं काम.

इथे थांबा

पुढचं काही दिसलं तर घरी हात लावू नका, रिव्हॉल्व्हर गनस्मिथकडे न्या. काळ्या दारूच्या बंदुका हाताळणारा असेल असा शोधा; सगळे हाताळत नाहीत.

एकदाही चेनफायर झाला असेल तर. त्यातून तुम्ही सुखरूप वाचला असाल, पण सिलिंडर, नळी आणि गोळी दाबणारा खालचा दट्ट्याचा दांडा यांना काय झालं ते बाहेरून दिसत नाही.

निपल तडकलेला असेल, हातानं आवळूनही सैल राहत असेल किंवा आटे गेले असतील तर. बारात असा निपल मागे, तुमच्या तोंडाच्या दिशेनं, उडू शकतो.

निपल जागेवर पक्का अडकला असेल आणि एका चांगल्या पान्यानं एका प्रयत्नात निघाला नाही तर.

सिलिंडर पुढे-मागे किंवा आडवा खेळत असेल, घोडा चढवल्यावर चेंबर नळीसमोर नेमका थांबत नसेल, किंवा कोल्टची पाचर (नळी फ्रेमला धरून ठेवणारी) रोज वेगळ्या खोलीला बसत असेल तर. यात कॅपचा काही संबंध नाही, कॅप बदलून हे झाकू नका.

आणि भरलेली, कॅप चढवलेली रिव्हॉल्व्हर अडली असेल, सिलिंडर ना पुढे ना मागे, तर जोर लावायचा नाही. नळी लक्ष्याकडे धरून ठेवा आणि रेंज अधिकाऱ्याला हाक मारा. गाडीत घालून दुकानात न्यायची नाही. मागच्या वर्षी एकानं माझ्या शेजारच्या जागेवर स्क्रू-ड्रायव्हर काढला होता. मी त्याचा हात धरला. त्याला राग आला. अधिकाऱ्यानं येऊन बघितलं तेव्हा चौथ्या चेंबरची कॅप मागच्या ढालीला घासून चपटी झाली होती, अजून जिवंत होती. आम्ही तिघांनी मिळून पंधरा मिनिटं लावून ती सोडवली. त्यानं दुकानातून आणलेली कॅप ११ नंबरची होती, निपल मात्र कुणीतरी आधीच बदललेले. आता तो डब्याच्या झाकणावर रिव्हॉल्व्हरचं नाव, निपलची जात आणि दोन आकडे लिहून ठेवतो: सहा, सहा.